दर पावसाळ्यात टाकीतलं कॅल्शियम का कोसळतं? बाटली ओतण्याआधी पाणी कुठून आणलंत ते बघा

जुलै उजाडला की समुद्री टाकी, म्हणजे खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय, असलेल्या ओळखीच्यांकडून मला एकच प्रश्न येतो. कॅल्शियम ४२० पीपीएमवरून (लिटरमागे मिलिग्रॅम) ३४० वर आलंय, रोज डोस घालतोय, दोन दिवस आकडा वर राहतो आणि परत खाली. कुणी डोसची बाटली बदलून बघतं, कुणी मोजायचं किट बदलून, कुणी डोस दुप्पट करतं. मीही हे सगळं केलंय, सलग दोन पावसाळे. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

माझी टाकी रत्नागिरीत, चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काचेच्या मापाने अडीचशे लिटर, पण दगड, वाळू आणि वरची रिकामी जागा वजा केली की निव्वळ पाणी २०० लिटर. डोसचं गणित या २०० वर करायचं. अडीचशेवर केलंत तर प्रत्येक डोस सव्वापट होतो, आणि हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

टाकीत मश्रूम आहेत, झोअँथस आहेत (दोन्ही प्रवाळांचे मऊ, सांगाडा नसलेले भाऊबंद), गोगलगाई आहेत आणि दगडांवर जांभळं-गुलाबी कोरलाइन शेवाळ चढलेलं आहे. टणक सांगाड्याचं प्रवाळ नाही आणि ठेवणारही नाही. दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्रपंखे हे सगळे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणला ओहोटीत फिरताना 'एवढासा तुकडा' खिशात घालणाऱ्यांनी हे वाक्य परत एकदा वाचावं.

हे सांगायचं कारण कायद्यापुरतंच नाही. माझ्या टाकीत कॅल्शियम खाणारं आहे कोण? शेवाळ, आणि शंख वाढवणाऱ्या पाच-सहा गोगलगाई. एवढ्याशा बिऱ्हाडाने महिन्यात ८० पीपीएम फस्त करावं, हे पटण्यासारखं नव्हतं. पण पहिल्या वर्षी हा प्रश्न मला सुचलाच नाही. आकडा खाली दिसला की हात बाटलीकडे जातो.

बाटलीने काय केलं

दुकानात विचारलं तर उत्तर तयार होतं: कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्यातलं कार्बोनेट-बायकार्बोनेट) दोन्हीचे डोस सुरू करा, रोज. केले. कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण सकाळी, खाण्याच्या सोड्याचं रात्री. पहिल्या आठवड्यात आकडा ४०० वर गेला, मी खूश. पुढच्या आठवड्यात ३७०. मग दोन्ही वाढवले. अल्कलिनिटी ११ डीकेएचला (हे तिचं माप) पोचली, कॅल्शियम मात्र तिथेच घुटमळत राहिलं.

एक दिवस पंपाचा आवाज बदलला. घरघर. उघडला तर इंपेलरवर (पंपातल्या फिरत्या चक्रावर) पांढरा, खरखरीत थर, नख लावलं तरी निघेना. आपल्याकडे हीटर कोण लावतं, त्यामुळे टाकीत सगळ्यांत गरम जागा पंपाचीच, आणि थर तिथेच धरला होता. इंपेलर वाटीभर व्हिनेगरमध्ये टाकला. सोडा-लिंबासारखा फसफसला, दहा मिनिटांत स्वच्छ. ही चाचणी लक्षात ठेवा: व्हिनेगरमध्ये फसफसलं तर तो चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. मी घातलेलं कॅल्शियम आणि मी घातलेला सोडा यांनी टाकीत एकमेकांना धरलं आणि पंपावर जाऊन बसले. पैसे माझे, दगड पंपाचा.

असं व्हायला नको, कारण समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम आणि कार्बोनेट दोन्ही भरपूर असूनही ते सहसा असं खाली बसत नाहीत. त्यांना आवरून धरण्यात मॅग्नेशियमचा मोठा हात असतो: चुन्याचा कण तयार व्हायला लागला की त्याच्या पृष्ठभागावर मॅग्नेशियम शिरतं आणि वाढ अडवतं. मॅग्नेशियम कमी झालं की ही अडवणूक ढिली पडते. मी तोवर मॅग्नेशियम कधी मोजलंच नव्हतं. किटला पैसे कशाला, असा माझा हिशेब. किट आणलं. १०५० पीपीएम. पाहिजे होतं १३०० च्या आसपास.

आता कोडं वाढलं. माझ्या टाकीत मॅग्नेशियम एवढं खाणारं तर कोणीच नाही.

मिठाचा गोंधळ

वर्षभर माझं पाणी एका तांडेलाकडून, म्हणजे मासेमारी बोटीच्या प्रमुखाकडून, येतं. त्यांची बोट बाहेर खोल पाण्यात गेली की येताना वीस लिटरचे दोन कॅन भरून आणतात. दर रविवारी मी ४० लिटर बदलते, म्हणजे टाकीच्या २० टक्के. जूनमध्ये मासेमारीबंदी लागते, बोटी वर ओढल्या जातात, आणि पाणी आणायला मीच स्कूटरवरून भाट्याच्या किनाऱ्यावर जाते. काजळी नदी तिथेच समुद्राला मिळते. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांत. नदी गढूळ होऊन फुगून येते, आणि मी तिच्या तोंडाशी कॅन बुडवून 'समुद्राचं पाणी' भरत होते.

तांडेलकाकांना हे सांगितलं तर ते हसलेच. "वयनी, पावसात खाडीच्या तोंडाला वरलं पाणी गोडं. खारं खाली ऱ्हातं."

पाणी पातळ आहे हे मलाही दिसत होतं. रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं उपकरण) २४ दाखवत होता, म्हणजे हजार भागांत २४ भाग क्षार, पाहिजे ३५. त्यावर माझा उपाय असा: घरातलं खडे मीठ. दर लिटरला ११ ग्रॅम, चाळीस लिटरला ४४० ग्रॅम, ढवळलं, आकडा ३५, काम झालं. स्वस्त, सोपं, आणि या सगळ्या प्रकरणाचं मूळ हेच.

मिठागरात मीठ कसं होतं ते आठवा. पेण-उरणकडची किंवा शिरोड्याची मिठागरं पाहिली असतील. समुद्राचं पाणी वाफ्यांत घेऊन उन्हाने आटवत नेतात. आटताना सगळं एकदम खाली बसत नाही. आधी चुना बसतो, मग जिप्सम, म्हणजे कॅल्शियम बहुतेक मिठाच्या आधीच निघून गेलेलं असतं. मग मिठाचे खडे धरतात. ते ओढून घेतल्यावर जे कडू पाणी उरतं त्यात मॅग्नेशियम राहतं. खड्यांना त्यातलं थोडंसं चिकटून येतं, म्हणूनच पावसात खडे मीठ बरणीत पाझरतं. पण ते थोडंसंच. ताटातलं मीठ म्हणजे जवळजवळ नुसतं सोडियम क्लोराइड, आणि तसंच असायला हवं, नाहीतर आमटी कडू लागेल. टाकीला मात्र ते चालत नाही.

आता आकडे मांडते. ३५ खारेपणाच्या समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम साधारण ४१०, मॅग्नेशियम साधारण १२९० पीपीएम. तेच पाणी पावसाने २४ वर आलं की कॅल्शियम २८० आणि मॅग्नेशियम ८८५ च्या घरात. त्यात मीठ घालून मी खारेपणा ३५ केला, पण कॅल्शियम २८० च राहिलं. रिफ्रॅक्टोमीटरला, हायड्रोमीटरला, पाण्यात किती विरघळलंय एवढंच कळतं. काय विरघळलंय ते कळत नाही.

दर आठवड्याला २० टक्के असं पाणी गेलं तर चार आठवड्यांत ४२० चं ३४० होतं. कागदावर करून बघा. टाकीत एकही गोगलगाय नसती तरी झालं असतं. माझ्या वहीतला जुलैच्या शेवटच्या रविवारचा आकडा ३४० च होता. टाकीने कॅल्शियम खाल्लं नव्हतं. मीच बादलीने काढून टाकत होते आणि बाटलीने परत घालत होते.

तुमच्याकडे हेच आहे का, हे कसं ओळखायचं

तीन आकडे एकत्र वाचायचे: कॅल्शियम, मॅग्नेशियम, अल्कलिनिटी. एकटं कॅल्शियम बघून कोणताही निर्णय घेऊ नका, ही माझी हात जोडून विनंती.

कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही सारख्याच प्रमाणात घसरले असतील तर पाणी पातळ आहे किंवा नुसत्या मिठाने भरून काढलेलं आहे. माझ्याकडे ४२० चं ३४० म्हणजे ८१ टक्के, आणि १३०० चं १०५० म्हणजेही ८१ टक्केच. हे दिसलं तेव्हा मी वही मिटून चहा करायला गेले, इतकं ते स्वच्छ होतं.

कॅल्शियम आणि अल्कलिनिटी जोडीने घसरल्या आणि मॅग्नेशियम जागेवर असेल, तर टाकीत खरंच शंख-शेवाळ वाढतंय किंवा चुना खाली बसतोय. या जोडीचं प्रमाण ठरलेलं असतं: कॅल्शियम २० पीपीएम गेलं की अल्कलिनिटी २.८ डीकेएचने उतरते. कोण खातंय ते पंप उघडला की कळेल. आणि कॅल्शियम खाली, अल्कलिनिटी ११-१२ वर असेल तर सोड्याचा हात आवरा. बाकी काही करू नका, आठवडाभर थांबा.

मोजण्याबद्दल दोन शब्द. थेंबाच्या किटमध्ये पुष्कळदा एक थेंब म्हणजे २० पीपीएम असतो, तेव्हा ४२० आणि ४०० यांत फरक एका थेंबाचा. त्यावरून घाबरण्यात अर्थ नाही. पाण्याचा नमुना दुप्पट घेतला तर एक थेंब १० चा होतो, तसं करा. गुलाबीचा निळा होताना मध्ये एक जांभळा टप्पा येतो. तिथे थांबायचं नाही, पुढच्या थेंबाने रंग बदलेनासा झाला की थांबायचं. आणि हे टाकीच्या निळ्या एलईडीखाली करू नका, तिथे सगळंच निळं दिसतं. खिडकीशी जा. जुलैत खिडकीतही उजेड नसतो म्हणा, मग ट्यूबलाइटखाली पांढरा कागद धरून.

रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर शून्य करून समाधान मानू नका. ३५ च्या प्रमाणित द्रावणावर तपासा. शून्याला बरोबर आणि ३५ ला दोन-तीनने चुकीचा असलेला मी स्वतः वापरलाय.

दुरुस्ती

आधी चुकीचं पाणी थांबवा, मग डोस. उलट केलंत तर जन्मभर करत राहाल.

किनाऱ्याचं पाणी २४ चं असेल तर ते समुद्री टाकीसाठी मिळणाऱ्या तयार मिश्रणाने वर आणा. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सगळं प्रमाणात असतं. चाळीस लिटरला साडेचारशे-पाचशे ग्रॅम लागतं, पण मोजत मोजत घाला, एकदम नाही. महाग आहे, मान्य. अख्खं पाणी मिश्रणाचं करण्यापेक्षा तरी स्वस्त. अशा पाण्याचे पाच-सहा बदल झाले की टाकी बरीचशी आपोआप सावरते, आणि साठलेलं जास्तीचं सोडियमही त्यातच निघून जातं. ते कोणत्याही बाटलीने निघत नाही.

तेवढा धीर नसेल, किंवा पंपावर थर धरतच असेल, तर आधी मॅग्नेशियम वाढवा. सहा पाण्याच्या (हेक्साहायड्रेट) मॅग्नेशियम क्लोराइडमध्ये मॅग्नेशियम १२ टक्के. २०० लिटरला २५० पीपीएम हवं तर ५० ग्रॅम मॅग्नेशियम, म्हणजे साधारण ४२० ग्रॅम खडे. पाच दिवसांत वाटून, रोज ८४ ग्रॅम, बादलीत विरघळवून पंपाच्या झोतात हळूहळू. एवढ्याने खारेपणाही जवळजवळ एकने चढतो, तो मोजून गोड्या पाण्याने उतरवा.

मॅग्नेशियम १२५० च्या पुढे गेल्यावरच कॅल्शियम. ८० पीपीएम वाढवायचं तर २०० लिटरला १६ ग्रॅम कॅल्शियम, आणि दोन पाण्याच्या (डायहायड्रेट) कॅल्शियम क्लोराइडमध्ये ते २७ टक्के असतं, म्हणजे साधारण ५९ ग्रॅम. चार दिवसांत, रोज २० पीपीएम. सोडा आणि कॅल्शियम यांत काही तासांचं अंतर ठेवा. एकाच जागी पाठोपाठ ओतलंत तर टाकीत दुधासारखा ढग उठतो, आणि तो ढग म्हणजे तुमचा डोस.

ओलीचा दुसरा खेळ

पहिल्या भानगडीतून सुटल्यावरही मला एकदा गंडवलं ते कॅल्शियम क्लोराइडने. पावसाळ्यात कपाटात कुबट वास येऊ नये म्हणून ओल शोषणारे डबे ठेवतो, त्यांत पुष्कळदा हेच असतं. हवेतलं पाणी इतक्या हावरटपणे ओढतं की शेवटी त्यातच विरघळून जातं. माझी एक किलोची पिशवी मी चिमट्याने बंद करून ओट्याखाली ठेवली होती. ऑगस्टमध्ये उघडली तर पांढऱ्या चकत्यांचा चिकट गोळा, तळाला तेलासारखं पाणी. त्यातले १५ ग्रॅम वजन करून घातले तर त्यात क्लोराइड किती आणि हवा पिऊन आलेलं पाणी किती, देव जाणे. डोस बरोबर, वजन बरोबर, आकडा वाढत नाही.

उपाय साधा: पिशवी फोडली त्याच दिवशी सगळ्याचं द्रावण करून टाका. द्रावण खराब होत नाही. मी ५०० ग्रॅम घेते, दीड लिटर आरओच्या पाण्यात थोडं थोडं टाकते आणि मग दोन लिटरपर्यंत भरते. खडे पाण्यात टाकायचे, पाणी खड्यांवर नाही, कारण विरघळताना ते चांगलंच तापतं. प्लास्टिकची पातळ बाटली माझी वाकडी झालीय. या द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये ६८ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. २०० लिटरला १० पीपीएम वाढवायला २९ मिलिलिटर. बाटलीवर हेच लिहून चिकटवलंय. (कपाटातल्या डब्यातलं टाकीत घालू का, असं कुणीतरी विचारेलच. नाही. त्यात वास असतो, आणखी काय असतं सांगता येत नाही.)

देवगडच्या एका मैत्रिणीकडे वेगळाच प्रकार निघाला. ती चुन्याची निवळी वापरते: चुना पाण्यात कालवून खाली बसू द्यायचा आणि वरचं स्वच्छ पाणी बाष्पीभवनाच्या भरपाईला थेंबथेंब सोडायचं. पद्धत चांगली आहे, त्यातून कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही प्रमाणात मिळतात. पण मे महिन्यात पंखा लावलेल्या टाकीतून तिचं रोज चार लिटर पाणी उडत होतं, जुलैत जेमतेम एक. म्हणजे डोस आपोआप चौथ्या हिश्श्यावर आला, आणि ती म्हणत होती, 'मी काही बदललंच नाही.' बदललं होतं ते हवेने. तिने निवळी वाढवायची नव्हती. निवळीचा सामू (पीएच) १२ च्या वर असतो, जास्त सोडलीत तर जीव जातील. उरलेली तूट द्रावणाने भरायची. आणि पानाचा चुना वापरू नका. त्यात काय मिसळलेलं असतं ते टपरीवाल्यालाही ठाऊक नसतं.

आगोट

गेल्या दोन वर्षांपासून मी हा प्रश्न मेमध्येच सोडवते. आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला, आपण तांदूळ, सुकी मासळी, लाकडं भरतो, तसं मी पाणी भरते. दोनशे लिटरचे दोन निळे पिंप, मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात तांडेलकाकांच्या बोटीतून आलेल्या पाण्याने, सुती कापडातून गाळून. झाकण घट्ट, वर गोणपाट, पडवीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. उजेड लागला तर हिरवं होतं. आठ रविवार, चाळीस लिटर, तीनशे वीस, उरलेलं अडीअडचणीला. वापरण्याच्या आदल्या दिवशी कॅनमध्ये एअरपंप सोडायचा आणि खारेपणा एकदा बघायचा.

सासूबाई पिंप येताना बघून म्हणाल्या, "अगं, समुद्र पंधरा मिनिटांवर आणि त्याचं पाणी साठवून ठेवणारं आपलंच घर!" त्यांना कुठे ठाऊक की पावसात तो समुद्र तिथे नसतोच.

यंदा जुलैअखेर कॅल्शियम ४१५, मॅग्नेशियम १२८०, अल्कलिनिटी ८. मध्ये एक आठवडा डोस पूर्ण बंद ठेवून बघितला: ४२५ चं ४१५ झालं. म्हणजे माझ्या शेवाळाची आणि गोगलगाईंची खरी भूक रोज दीड पीपीएम, द्रावणात साडेचार मिलिलिटर. पूर्वी मी रोज साठ घालत होते. उरलेलं खडे मीठ कैरीच्या लोणच्याला गेलं.